घास

तिचं तोंड दोन बोटं उघडायचं.
बोटं डॉक्टरांची. हौसव्वाची स्वतःची बोटं
बत्तीस वर्षं निपाणीत विड्या वळून
टोकांशी इतकी गुळगुळीत झालेली
की संमतिपत्रावर अंगठा उठेना.
चार वेळा शाई लावली.

स्कॅनच्या आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं.
सकाळी शिरेत साखर टोचली, किंचित किरणोत्सारी.
मेंदू उजळला, तो नेहमीच उजळतो, त्याचं काही नाही.
पण डावा गाल
अंधाऱ्या शिवारात एकच गुऱ्हाळ पेटावं तसा.
मी दाखवलं. ती बघत राहिली.
"म्हंजे मी उपाशी, आणि ते जेवायलंय व्हय?"

बारा वर्षं मी हेच शिकतेय
आणि इतक्या कमी शब्दांत
मला ते कधी सांगता आलेलं नाही.

गाठ साखर खाते, पण नीट खात नाही.
हवा भरपूर असतानाही अर्धवट जाळते,
उरलेलं आंबट करून दाराबाहेर ओतते.
गळिताच्या दिवसांत चिकोडीहून बेळगावला येताना
बसच्या खिडकीतून मळीचा वास शिरतो,
नाक दाबलं तरी जिभेवर बसतो,
तसंच काहीसं.
त्या आंबटात उभ्या असतात टी-पेशी,
पहाऱ्यावरच्या. गाठीला ओळखलेल्या,
तिला अगदी चिकटलेल्या,
आणि हात न उचलणाऱ्या.

आमच्या निबंधांत त्यांना 'थकलेल्या' म्हणतात.
मल्लाप्पा गोकाकचा, नळ्यांवर चिठ्ठ्या तोच लावतो.
त्यानं कन्नडमध्ये एकच शब्द लिहिला: हसिवु.
भूक.
मी खाली मराठीत तारीख घातली.
उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये
दोन्ही अक्षरांवर सारखाच बर्फ चढतो.

दुसऱ्या खेपेला ती कुंद्याचा पुडा घेऊन आली.
"तुमास्नी. मला गिळत न्हाई."
मग जाता जाता, दारातून,
"त्या पहाऱ्यावरच्यास्नी येगळं कायतरी घाला की.
त्याच्या ताटातलं कशाला?"

वेगळं काहीतरी.
तिच्याच रक्तातल्या पेशी घेतल्या,
साखर तोडली, थोडी थोडी,
आणि सिरक्याच्या जवळचं एक लहानसं आम्ल
इंधन म्हणून दिलं. खा म्हटलं. नऊ दिवस.
सहाव्या रात्री वीज गेली, जनरेटरच्या खोलीची किल्ली
ज्याच्याकडे तो खानापूरला लग्नाला;
मल्लाप्पानं कुलूप फोडलं आणि सकाळी
मेमो घेतला, सही केली, काही बोलला नाही.
दहाव्या दिवशी सात बशा.
एकीत बुरशी.
तिघींत काहीच नाही.
तिघींत पेशी हलल्या, गाठीच्या कडेला भोकं पडली,
अगदी बारीक, विडीच्या ठिणगीनं
लुगड्याला पडतात तशी.
तीन. मी तीनदा मोजल्या.
तीनवर कुणी औषध करत नाही.
तीनवर फक्त पुन्हा करायचं असतं.

फोन लावला. सुनेनं उचलला.
पंधरवडा झाला होता.
"काही न्हाई," मी म्हणाले, "सहज केला होता,"
आणि पलीकडे सूप पाखडल्याचा आवाज
बराच वेळ येत राहिला.

तिचा गाल अजून माझ्याकडे आहे,
तांदळाच्या कणीएवढ्या अठ्ठावीस तुकड्यांत.
आज एक काढला.
पहाऱ्यावरच्यांना त्यांचं वाढलं,
सदतीस अंशांवर दार लावलं, हात धुतले,
डबा उघडला. भाकरी, वांगं, ठेचा.
मल्लाप्पा म्हणाला, "मॅडम, आज लवकर बसलात?"

घास तोंडाशी नेला
आणि दुसऱ्या हातानं मोजून पाहिलं.
तीन बोटं. सहज.
चौथंही गेलं असतं.